कोटाआडचे पिस्तूल

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याच्या कारकिर्दीत, १५४१ साली, पार्लमेंटाने हातबंदुकांविषयी जो कायदा संमत केला त्यात असे एक कलम आहे, की दस्त्यासह एक पूर्ण यार्ड भरणार नाही इतकी आखूड हातबंदूक कोणी बाळगू नये. शस्त्रांच्या इतिहासाविषयी ज्याला आस्था आहे त्याने या कलमापाशी थोडे थांबावे असे मला वाटते. कारण शस्त्र किती दूर मारते आणि किती खोल जखम करते हा विचार बाजूस ठेवून राज्यकर्त्यांनी येथे ते केवढे असावे याचाच बंदोबस्त केला आहे. लांब बंदूक खांद्यावर असो वा हातात, ती रस्त्याच्या दुसऱ्या टोकाहून दिसते, आणि जे दिसते त्यापासून माणसाला सावध होता येते. सरकारची झोप उडाली होती ती झग्याच्या घडीत मावणाऱ्या आखूड नळीमुळे.

हे भय त्या वेळी फार जुने नव्हते. तोड्याच्या बंदुकीच्या काळात ते संभवतच नव्हते, कारण पेटता तोडा वस्त्राआड लपविणे म्हणजे स्वतःलाच आग लावून घेणे होय. ठिणगी, धूर आणि वास यांवरून तोडेवाला आधीच ओळखू येई. सोळाव्या शतकाच्या आरंभी चाकाचा चाप निघाला, किल्लीने ताणून ठेवलेले पोलादी चाक मोकळे होताच पायराइटच्या खड्याशी घासून ठिणगी पाडू लागले, आणि शस्त्र भरलेले, ताणलेले, तरीही निःशब्द असे अंगावर वागविणे मानवाला प्रथमच साध्य झाले. पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याने १५१७ च्या सुमारास या चापाच्या हत्यारांना मनाई करणारे हुकूम काढले, ते याच कारणास्तव. आणि एलिझाबेथ राणीच्या सरकारलाही १५७९ साली आखूड पिस्तुलांविरुद्ध जाहीरनामा काढावा लागला.

आज अमेरिकेतील एखाद्या शस्त्रविक्रेत्याच्या दुकानात शिरणाऱ्या, आणि अंगावर गुप्तपणे वागविण्यासाठी पिस्तूल घेऊ पाहणाऱ्या गिऱ्हाइकासमोर जे दोन नमुने मांडले जातात, त्यांतील वाद या चार-पाच शतकांच्या इतिहासाचाच पुढचा अध्याय आहे. पहिला नमुना 'कॉम्पॅक्ट' म्हणून विकला जातो: सैनिकाच्या किंवा पोलिसाच्या पूर्ण मापाच्या पिस्तुलाची नळी आणि मूठ थोडी आखूड करून घडविलेला, परंतु जाडी तशीच राखलेला, कारण त्याच्या मुठीत काडतुसांच्या दोन रांगा एकमेकींच्या खाचांत बसविलेल्या असतात. दुसरा नमुना 'स्लिम' म्हणजे पातळ: एकेरी रांगेचा, चपटा, अंगाला चिकटून राहणारा, पण काडतुसे कमी आणि पकड अपुरी. हा निवाडा केवळ रुचीचा आहे असे वरवर वाटते. मला मात्र इतिहास पाहता असे दिसते, की लपविण्याच्या पिस्तुलाचे माप एकट्या कारागिराने कधीच ठरविलेले नाही. चालविणाऱ्याचा हात, त्याच्या काळाचा पोशाख आणि त्याच्या राज्याचा कायदा या तिघांनी ते ठरविले, आणि त्यांतही कायद्याचा शब्द पुष्कळदा शेवटचा ठरला.

अठराव्या शतकातील इंग्रज कारागिरांचे काम येथे थोडक्यात सांगून पुढे जातो. राणी अॅनच्या नावाने ओळखली जाणारी त्यांची पिस्तुले नळी आटे फिरवून काढता येईल अशी असत. गोळी व दारू मागील बाजूने भरली जाई, त्यामुळे गज वागविण्याची गरज उरत नसे, आणि पुढे चाप बाजूऐवजी मध्यभागी आणल्यावर कापडात अडकणारा एक कंगोराही नाहीसा झाला. पुरुष ती मोठ्या कोटाच्या खिशात ठेवीत, आणि हिवाळ्यात स्त्रिया ज्या लोकरी पिशवीवजा आवरणात दोन्ही हात घालून चालत त्या आवरणात मावतील इतकी लहान पिस्तुलेही घडविली जात. कापडात काय अडकते आणि काय अडकत नाही, हा या विद्येचा पहिला धडा याच काळात गिरविला गेला.

परंतु ज्या माणसाच्या नावाने खिशातले पिस्तूल जगभर ओळखले गेले, तो हेन्री डेरिंजर, हा फिलाडेल्फियाचा. १७८६ साली जन्मलेला हा बंदुकसाजाचा मुलगा. अमेरिकन सरकारला रायफली पुरवीत तो पोटापाण्याला लागला आणि आपले उत्तरायुष्य त्याने तळहातात मावणारी, टोपीच्या स्फोटकाने पेटणारी, एकबारी पिस्तुले घडविण्यात घालविले. ती बहुधा जोडीने विकली जात, कारण एकेकात एकच बार, आणि दुसऱ्या बाराची सोय दुसऱ्या खिशातच करावी लागे. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर त्यांना इतकी मागणी आली, की त्याच्या शिक्क्याची हुबेहूब नक्कल करून माल खपविणारे पुष्कळ निघाले; सान फ्रान्सिस्कोच्या अशाच एका विक्रेत्याविरुद्ध त्याने लावलेला दावा कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि व्यापारचिन्हांच्या कायद्यात तो आजही आधारभूत मानला जातो.

डेरिंजरच्या पिस्तुलाचे स्वरूप आणि त्याची उणीव या दोन्ही गोष्टी १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात एकाच क्षणी उघड झाल्या. जॉन विल्क्स बूथ हा नट तेथील परिचित माणूस. प्रेसिडेंट लिंकन यांच्या कक्षात तो शिरला तेव्हा सुमारे सहा इंच लांबीचे, चव्वेचाळीस बोराचे ते पिस्तूल कोणाच्याही दृष्टीस पडले नाही. गोळी झाडल्यावर मात्र पिस्तुलाचे काम संपले होते. कक्षात बसलेला मेजर रॅथबोन अंगावर धावून आला तेव्हा बूथला सुरा उपसावा लागला, आणि पिस्तूल तेथेच टाकून तो रंगभूमीवर उडी मारून पळाला. ते शस्त्र आज त्याच नाट्यगृहाच्या संग्रहालयात आहे. लपण्याची पराकाष्ठा आणि बारांची पराकाष्ठेची टंचाई यांचा हा सौदा होता, आणि त्यानंतरच्या दीडशे वर्षांत प्रत्येक कारागीर याच सौद्याच्या अटी किंचित सैल करण्यासाठी झटला आहे.

त्या काळी अमेरिकेत गुप्त शस्त्राकडे समाज कोणत्या नजरेने पाहत होता हेही येथे सांगितले पाहिजे, कारण आजची स्थिती तिच्या अगदी उलट आहे. उघडपणे कमरेला शस्त्र लावणारा माणूस प्रतिष्ठित, आणि कोटाआड ठेवणारा तो घातकी, अशी दक्षिणेकडील राज्यांत दृढ समजूत होती. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच गुप्त शस्त्रांवर बंदी घातली, आणि जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १८४६ च्या एका निवाड्यात, शस्त्र लपविण्याची बंदी वैध आहे पण उघडपणे वागविण्याची बंदी वैध नाही, असे स्पष्ट म्हटले. टेनेसीने १८७९ साली तर याहून पुढे जाऊन, लष्कर आणि आरमार वापरते त्या मोठ्या नमुन्यांखेरीज इतर पिस्तुलांची विक्रीच बंद केली. हेन्री राजाचे एक यार्डाचे कलम आणि हा कायदा यांच्यामध्ये तीन शतके आणि एक महासागर आहे, पण दोहोंची बुद्धी एकच: शस्त्र इतके मोठे असू द्या, की ते लपणार नाही. स्वस्त आणि लहान पिस्तुले विकत घेणारा वर्ग गरिबांचा आणि नुकत्याच दास्यमुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचा होता, आणि टेनेसीच्या कायद्याचा भार मुख्यतः त्यांच्यावरच पडला, असे अनेक इतिहासकारांनी म्हटले आहे. ते मला पटते. मापाचा नियम वरकरणी सर्वांना सारखा असला तरी मोठ्या मापाची किंमत सर्वांना सारखी परवडत नाही.

रिव्हॉल्व्हरने बारांची टंचाई दूर केली आणि त्याच वेळी जाडीचा प्रश्न उभा केला. कोल्टचा १८४९ चा खिशातला नमुना, पुढे १८५७ पासून स्मिथ आणि वेसन यांचा धातूच्या काडतुसांचा लहानसा सातबारी नमुना, हे दोन्ही लाखोंच्या संख्येने खपले; परंतु काडतुसे वर्तुळात मांडायची म्हटली की मध्ये एक गोल डमरू येणारच, आणि तो कोणत्याही कोटाच्या खिशाला पोट आणणारच. कापडात अडकणारा घोडा आत दडविण्याची युक्ती स्मिथ-वेसन कंपनीने १८८७ साली योजली, आणि ती आजतागायत चालत आली आहे. जाडीवर मात्र एकच उपाय होता, आणि तो अंमलात यायला विसावे शतक अर्धे सरावे लागले. कोल्टचे 'डिटेक्टिव्ह स्पेशल' हे १९२७ चे आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर सहाबारी होते. १९५० मध्ये स्मिथ-वेसनने त्याच अडतीस बोराचे 'चीफ्स स्पेशल' काढले, त्यात पाचच काडतुसे ठेवली आणि डमरूची जाडी सुमारे तेहेतीस मिलिमीटरवर आणली. एका काडतुसाच्या मोबदल्यात दोन-तीन मिलिमीटर! साध्या वेशातील पोलीस अधिकाऱ्यांनी हा मोबदला आनंदाने स्वीकारला, आणि आजच्या दुकानातील वादाचे सारे घटक त्या पाच-सहांच्या हिशेबात आधीच उपस्थित होते.

चपटेपणाचा खरा जनक मात्र याच्या अर्धशतक आधीचा आहे. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने १८८४ साली धूररहित दारू सिद्ध केली, आणि थोडक्या दारूत मोठा जोर मिळू लागल्यामुळे लहान काडतुसालाही किंमत आली. या दारूच्या जोरावर पिस्तुलाने स्वतःच रिकामे टरफल फेकावे आणि स्वतःच नवे काडतूस भरावे, या कल्पनेच्या मागे युरोपातील अनेक कारागीर लागले होते; परंतु तिला खिशात बसणारे शरीर दिले ते यूटामधील ऑग्डेन गावच्या जॉन मोझेस ब्राउनिंग याने. हा १८५५ चा, बंदुकसाज जोनाथन ब्राउनिंगचा मुलगा. बेल्जियममध्ये लिएजजवळ एर्स्ताल येथील राष्ट्रीय शस्त्रकारखान्याशी त्याचा करार झाला, आणि १९०० चे म्हणून प्रसिद्ध असलेले साडेसात मिलिमीटरहून किंचित मोठ्या, म्हणजे ७.६५ बोराचे पिस्तूल तेथून बाहेर पडले. यात सात काडतुसे मुठीच्या पोकळीत एकावर एक उभी रचलेली होती, म्हणून शस्त्राची जाडी एका काडतुसाची आणि दोन्ही बाजूंच्या पातळ पट्ट्यांची, एवढीच उरली. रिव्हॉल्व्हरच्या पोटाचा मागमूसही राहिला नाही.

ब्राउनिंग तेथे थांबला नाही. कोल्टसाठी १९०३ साली केलेल्या नमुन्यात त्याने घोडा आवरणाच्या आत घेतला आणि सगळ्या कडा गोल केल्या. १९०६ साली ६.३५ बोराचे, अवघे ११४ मिलिमीटर लांबीचे पिस्तूल त्याने वेस्टकोटाच्या खिशासाठीच आखले. या पोशाखाचा खिसा घड्याळासाठी शिवलेला असतो, यावरून ते किती लहान असेल याची कल्पना यावी. आणि १९१० च्या नमुन्यात त्याने मागे रेटणारी कमान नळीभोवतीच गुंडाळून शस्त्राचा वरचा भाग निमुळता आणि गुळगुळीत केला, मुठीच्या मागे असा खटका ठेवला की हाताने आवळल्याशिवाय बार उडूच नये. १९१४ च्या २८ जूनला सारायेवो येथे आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड यांच्यावर गाव्रिलो प्रिन्सिपने झाडलेले पिस्तूल याच नमुन्याचे होते. पोशाखाच्या शिवणीचा इतका सूक्ष्म विचार केलेला यंत्रज्ञ त्यापूर्वी झाला नव्हता, आणि त्याची बुद्धी ज्या कामी लागली त्या कामांचे ओझे इतिहासाला वाहावे लागले आहे.

त्या ओझ्याचा एक भाग आपल्या नाशिकवरही आहे. व्हाइसरॉय लिटनच्या अमदानीत १८७८ साली झालेल्या हत्यारबंदीच्या कायद्याने हिंदी माणसाला परवान्याशिवाय शस्त्र बाळगण्याची मुभा उरली नव्हती, युरोपियनांना मात्र त्यातून सूट होती. अशा स्थितीत लंडनच्या इंडिया हाउसमध्ये राहणाऱ्या विनायकराव सावरकरांनी १९०९ च्या आरंभी वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे, तेथील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या ट्रंकेच्या दुहेरी तळात घालून मुंबईस रवाना केली. सरकारी खटल्याच्या कागदपत्रांत या ट्रंकेला मोठे स्थान आहे. माझे लक्ष मात्र त्या दुहेरी तळाकडे जाते: वीस गोल पोटांची रिव्हॉल्व्हरे एका प्रवासी ट्रंकेच्या खोट्या तळाखाली सपाट बसविणे कितपत जमले असते? जकात नाक्यावरून ती पेटी सुखरूप सुटली यात धाडसाचा आणि दैवाचा भाग होताच, पण ब्राउनिंगच्या एकेरी रांगेचा भागही काही कमी नव्हता.

पुढची हकीगत मराठी वाचकाला ठाऊक आहे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती आणि त्यांच्या निरोपाप्रीत्यर्थ २१ डिसेंबर १९०९ रोजी विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या 'शारदे'चा प्रयोग होता. औरंगाबादेत शिकणाऱ्या तरुण अनंत लक्ष्मण कान्हेरे याने प्रेक्षकांत त्या ट्रंकेतल्याच एका पिस्तुलाने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. चतुर्भुज अमीन माफीचा साक्षीदार झाला, त्याच्या जबानीने पिस्तुलांचा माग लंडनपर्यंत पोहोचला, आणि मुख्य न्यायमूर्ती सर बॅसिल स्कॉट यांच्या अध्यक्षतेखालील विशेष न्यायासनाने सावरकरांना काळ्या पाण्याची शिक्षा दिली. नाट्यगृह, पाहुण्यांचा मान, आणि कपड्याआडचे लहान शस्त्र: वॉशिंग्टन आणि नाशिक या दोन रात्रींमध्ये इतके साम्य असले तरी एक भेद विसरता येत नाही, की बूथच्या हाती एकच बार होता आणि कान्हेऱ्याच्या हाती मुठीत रचलेली अख्खी रांग.

अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये २७ फेब्रुवारी १९३१ रोजी चंद्रशेखर आझाद ज्या पिस्तुलाने अखेरपर्यंत लढले तेही ब्राउनिंगच्याच आराखड्याचे, कोल्टचे १९०३ चे. ते आज तेथील संग्रहालयात आहे. आणि ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी दिल्लीत, प्रार्थनेला निघालेल्या महात्माजींवर ज्याने तीन गोळ्या झाडल्या ते बेरेटा कंपनीचे १९३४ चे, सात काडतुसांचे, चपटे लष्करी पिस्तूल होते. ग्वाल्हेरहून मिळविलेले ते शस्त्र जवळ बाळगून मारेकरी गर्दीतून पुढे आला, आणि समोर येऊन वाकेपर्यंत कोणालाही संशय आला नाही. पातळपणाचा गुण सांगताना हा प्रसंग वगळणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले असते.

स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा शस्त्रकायदा केला, आणि त्याच्या नियमांनी नऊ मिलिमीटरचे लष्करी काडतूस सामान्य परवानेदाराला निषिद्ध ठरविले. येथील परवानेदाराच्या हाती म्हणून मुख्यतः बत्तीस बोराची हत्यारे येतात, कानपूरच्या सरकारी कारखान्यातील रिव्हॉल्व्हर हे त्यांतले सर्वांत परिचित. आणि त्यांना लागणाऱ्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरे आढळतात, ती आपल्या पुण्याशेजारच्या खडकीच्या कारखान्याची, जो १८६९ पासून चालू आहे. स्त्रियांच्या पर्समध्ये मावावे म्हणून २०१४ साली 'निर्भीक' नावाचे सुमारे पाचशे ग्रॅम वजनाचे रिव्हॉल्व्हर कानपूरने काढले. कॉम्पॅक्ट की स्लिम हा प्रश्न आपल्याकडे असा बोराच्या मर्यादेतच मिटतो. तो पूर्ण रूपात पाहायचा तर पुन्हा अमेरिकेत गेले पाहिजे.

दुहेरी रांग रूढ झाली तीही एर्स्तालमधूनच. ब्राउनिंग १९२६ साली तेथेच, कारखान्याच्या आवारात, हृदयविकाराने वारला; त्याचे अपुरे राहिलेले काम द्यूदोने साव्ह या बेल्जियन अभियंत्याने पुरे केले आणि १९३५ साली तेरा काडतुसांचे 'हाय पॉवर' सिद्ध झाले. मूठ जाड झाली, पण शत्रूपुढे उभ्या राहणाऱ्या सैनिकाला ते चालण्यासारखे होते. लपविण्याचा प्रश्न त्याला नव्हता. पोलिसांना मात्र होता, आणि जर्मनीत वाल्थरने साध्या वेशातील पोलिसांसाठी आपल्या पीपी या नमुन्याची आखूड आवृत्ती, पीपीके, १९३१ च्या सुमारास बाजारात आणली. तिच्या नशिबी पुढे जे आले ते या निबंधाच्या दृष्टीने अत्यंत बोधक आहे. १९६८ च्या अमेरिकन कायद्याखालील नियमांनी आयात पिस्तुलाची उंची निदान चार इंच असली पाहिजे असे बंधन घातले. पीपीके त्याहून रेसभर कमी भरत असे. कारखान्याने काय करावे? पीपीचा उंच सांगाडा घेतला, त्यावर पीपीकेची आखूड वरची बाजू बसविली, आणि पीपीके-एस या नावाने नवे पिस्तूल अमेरिकेस पाठविले, ज्यात उंची वाढल्यामुळे एक काडतूसही जास्त मावू लागले. हेन्री राजाच्या यार्डाचा हा चार इंची वंशज!

यानंतर ऑस्ट्रियाच्या गास्टन ग्लॉकचे नाव येते. त्याचे प्लॅस्टिकच्या सांगाड्याचे सतरा काडतुसांचे पिस्तूल ऑस्ट्रियन सैन्याने १९८२ मध्ये पत्करले, आणि १९८८ मध्ये त्याची आखूड, पंधरा काडतुसांची आवृत्ती निघाली, क्रमांक १९. कॉम्पॅक्ट म्हणतात त्याचा मापदंड आजही तीच आहे. नेमक्या त्याच सुमारास अमेरिकेत कायद्याचे वारे फिरले. फ्लोरिडाने १९८७ साली असा कायदा केला, की ठरलेल्या अटी पुऱ्या करणाऱ्या नागरिकाला गुप्त शस्त्राचा परवाना सरकारने दिलाच पाहिजे, अधिकाऱ्याच्या मर्जीवर तो ठेवता कामा नये. एकामागून एक राज्यांनी हा कित्ता गिरविला, गुप्त शस्त्रावर पूर्ण बंदी ठेवणारे शेवटचे राज्य इलिनॉय हेही २०१३ मध्ये त्यात सामील झाले, २०२२ मध्ये संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कची मर्जीची पद्धत रद्द ठरविली, आणि आता निम्म्याहून अधिक राज्यांत परवानाही लागत नाही. दीडशे वर्षांपूर्वी ज्या देशात लपविलेले शस्त्र हे घातक्याचे लक्षण मानले जाई, त्याच देशात ते सामान्य गृहस्थाच्या नित्याच्या पोशाखाचा भाग झाले. आणि हा पोशाखही बदललेला होता: वेस्टकोट गेला, मोठा कोट गेला, उरला तो बनियनवजा टी-शर्ट आणि विजार, ज्यांच्याआड अर्धा इंचही लपविणे कठीण.

येथे १९९४ च्या संघीय कायद्याने एक अनपेक्षित वळण दिले. नव्या मॅगझिनमध्ये दहाहून अधिक काडतुसे असू नयेत असे त्याने ठरविले, आणि ही मर्यादा २००४ पर्यंत अंमलात राहिली. कायद्याचा हेतू मारकता घटविण्याचा. परंतु दहाच काडतुसे ठेवायची तर सतरांसाठी केलेली लांब मूठ हवी कशाला, असा हिशेब कारागिरांनी केला, आणि १९९५ मध्ये ग्लॉकने क्रमांक २६ काढला, ज्याची मूठ करंगळीलाही जागा न देण्याइतकी आखूड, पण जाडी क्रमांक १९ इतकीच. दहाच्या मर्यादेने अशी लपविण्यास सोयीच्या शस्त्राचीच वाढ केली. 'कार' (Kahr) नावाच्या कंपनीचे एकेरी रांगेचे पातळ पिस्तूलही याच काळातले. दोन शाखा येथे स्पष्ट फुटल्या.

या दोहोंतील निवड करणाऱ्यांचे अनुभव सारांशाने असे आहेत. कमरेच्या आत ठेवलेल्या पिस्तुलाची नळी कितीही लांब असली तरी ती विजारीत उतरते आणि दडते. दिसते ती मूठ, कारण ती पट्ट्याच्या वर राहते आणि माणूस वाकला की सदऱ्याला टोक आणते. जाडी दिसते कमी, पण दिवसभर बोचते, आणि जे बोचते ते महिन्याभरात कपाटात जाते. उलटपक्षी, पातळ आणि हलके पिस्तूल झाडताना हाताला हिसका अधिक देते, दोन्ही नेमांमधील अंतर कमी असल्याने नेम चुकण्याचा संभव वाढतो, आणि ज्याने सराव केला नाही त्याच्या हाती ते गोळी कोठे नेईल याची शाश्वती राहत नाही. माझ्या मते या बाबतीत चुकलेल्या गोळीचे मोल सर्वांत आधी जोखले पाहिजे. वागविणाऱ्याची सोय ही त्याची एकट्याची आहे, पण भर रस्त्यात सुटलेली गोळी ज्याला लागेल त्याचा या खरेदीशी काहीही संबंध नसतो. चापाला झाकणारे कडक कवच न घेता आजचे पिस्तूल नुसते खिशात टाकणे हाही असाच अक्षम्य प्रमाद होय, कारण ब्राउनिंगने मुठीमागे ठेवलेला खटका यांपैकी पुष्कळ नमुन्यांत नाही.

२०१२ मध्ये स्मिथ-वेसनने 'शील्ड' काढले: जाडी एक इंचाच्या आत, नऊ मिलिमीटरची सात किंवा आठ काडतुसे. ग्लॉकने २०१५ मध्ये सहा काडतुसांचा क्रमांक ४३ आणला. मग २०१८ मध्ये सिग कंपनीने पी-३६५ मांडले आणि जुन्या सौद्याच्या अटीच बदलल्या. त्याचे मॅगझिन खाली दुहेरी आणि वर जाता जाता एकेरी होईल असे निमुळते केलेले, त्यामुळे सुमारे इंचभर जाडीत आणि अवघ्या पाचशे ग्रॅमच्या आसपास वजनात दहा काडतुसे मावली. दुसऱ्याच वर्षी ग्लॉकने ४३-एक्स आणि ४८ हे दोन नमुने काढले, अंगाने पातळ पण मुठीने क्रमांक १९ इतके उंच, आणि त्यांतला ४८ तर लांबीनेही त्याच्याएवढा. म्हणजे पातळ शाखेने कॉम्पॅक्ट शाखेकडून हाताची पकड परत मागून घेतली, आणि दुकानातील दोन खण एकमेकांत मिसळू लागले.

तरी निवडीचा निकाल सर्वत्र सारखा लागत नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या राज्यांनी दहा काडतुसांची मर्यादा आपापल्या कायद्यांत आजही ठेवली आहे. तेथे पंधरांसाठी केलेल्या जाड मुठीत दहाच भरावी लागतात, आणि तितकीच दहा इंचभर जाडीच्या पिस्तुलात मावतात, म्हणून तेथील गिऱ्हाइकाने पातळ नमुना उचलावा हे स्वाभाविक आहे. न्यूयॉर्कची वा न्यू जर्सीची सीमा ओलांडून पेनसिल्व्हेनियात गेले, की तोच मनुष्य पुन्हा जाड आणि पातळ यांमध्ये घुटमळू लागतो.